पोट काढलेला सायलेन्सर

माझ्या मालकाला मोठ्या आवाजातून काय काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडतो. एक तर, गल्लीच्या तोंडाशी गाडी शिरताच बायका भांडी घेऊन दारात उभ्या राहणार होत्या. घसा ताणून 'अंडीऽऽ' असं ओरडायची कटकट संपणार होती. शिवाय चौकातली रिकामटेकडी मंडळी माना वळवून बघणार होती. आणि एक लाभ त्यानं कुणालाच सांगितला नव्हता, पण मी रोज त्याच्या उजव्या टाचेशी असायचो म्हणून मला ठाऊक होता: तोफ्या नावाच्या दुसऱ्या अंडीवाल्याची जिरणार होती. खर्चाची बाजू मात्र त्यानं कोरीच सोडली होती. ती बाजू कोरी दिसली की माणसाला वाटतं, फुकटात पडलं. मित्रांनो, फुकट काही नसतं. तिथं दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालायचं राहून गेलेलं असतं.

मी एका लहान मोटरसायकलचा सायलेन्सर आहे. जुना आहे, गंजका आहे, आणि आतून पोकळ आहे. यातलं पोकळ असणं माझ्या जन्माचं नाही. ते मला करण्यात आलं.

कारखान्यात पत्रा गोल वळवून मला घडवलं, तेव्हा माझ्या पोटात लहान लहान खोल्या होत्या. मध्ये पोलादी पडदे, पडद्यांना भोकं, आणि त्यांतून गेलेली एक जाळीदार नळी. वरून चकचकीत मुलामा. लोक मुलाम्याचं कौतुक करत. पण माझी सारी अक्कल पोटात होती. इंजिन म्हणजे महातापट गृहस्थ. दर श्वासाला त्याचा भडका उडतो, आणि तो सगळा भडका माझ्या दारात येऊन आदळतो. मी त्याला एका खोलीतून दुसरीत पाठवायचो, दुसरीतून तिसरीत. कचेरीत तावातावानं आलेल्या माणसाला या टेबलावरून त्या टेबलावर धाडतात ना, अगदी तसं. शेवटच्या दारापर्यंत पोचेस्तोवर बिचाऱ्याचा राग निवायचा, आणि नुसतं 'भुक् भुक्' म्हणून तो निमूट निघून जायचा. हे माझं काम. यात बढाई मारण्यासारखं काही नाही, पण जगात किती जण दुसऱ्याचा संताप पोटात घेतात, ते तुम्हीच मोजून बघा.

माझा मालक अंडी विकायचा. मागच्या बाजूला अंड्यांचे ट्रे दोरीनं करकचून बांधायचे आणि दारोदार हिंडायचं. सुरुवातीची वर्षं त्यानं मला खरंच जपलं. पावसाचा चिखल उडाला की संध्याकाळी फडकं घेऊन पुसायचा. एकदा त्याच्या बायकोच्या पोटरीला माझा चटका बसला, तर त्यानं दुसऱ्याच दिवशी माझ्यावर पत्र्याची पट्टी बसवून घेतली. चारचौघांत सांगायचा, "गाडी नाही, मांजर आहे मांजर. कधी आली, कधी गेली, कळायचं नाही." ते ऐकून मला कसं वाटायचं ते विचारू नका. लोखंडाला फुगता येत नाही म्हणून बरं.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत जे पणाला लागलं होतं ते तिचं होतं.

ती एका शिलाईखान्यात कामाला होती. दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायच्या. ती म्हणायची, "एवढी वर्षं शिवतेय, पण अख्खा शर्ट काही बघायला मिळाला नाही. सगळ्यांचे गळेच तेवढे माझ्या वाट्याला." एके दिवशी तिनं नवऱ्याला सुनावलं, "दुसऱ्याच्या कोंबड्यांची अंडी किती दिवस विकणार? आपल्या पाळू." घरामागं चढाच्या टोकाला जागा होती. तिथं पत्र्याचं छप्पर आणि तारेची जाळी लावून शेड उभी राहिली. खाली भुसा अंथरला. पिल्लं आली, आणि तिनं शिलाईखाना सोडला. खिडकीजवळची तिची खुर्ची लगेच दुसरीला दिली गेली. म्हणजे मागं फिरायची वाट तिनं स्वतःच बंद केली होती. या कोंबड्या अंड्यावर टिकल्या तर ती आपली मालकीण. नाही टिकल्या तर पुन्हा दुसऱ्यांचे गळे.

कोंबडी ही जात भित्री, हे तिनं पहिल्या आठवड्यातच हेरलं. एकदा हातातली बादली पडली, तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात धावली आणि एकमेकांच्या अंगावर चढली. तिनं धावत जाऊन त्यांना वेगळं केलं नसतं, तर तळची गुदमरली असती. म्हणून तिनं एक रीत घातली. रोज दाणा टाकायच्या वेळी नवऱ्यानं गाडी जाळीशी आणून उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि तिनं दाणा टाकायचा.

"लहानपणापासून ऐकू द्या," ती म्हणायची. "उद्या खाद्याचं पोतं घेऊन तुम्ही येणार. दचकायला नकोत."

झालं. माझ्या 'भुक् भुक्'वर ती पिल्लं वाढली. जन्मल्यापासून त्यांनी आई अशी पाहिलीच नव्हती. त्यांना यंत्रानं उबवलेलं. तेव्हा मायेचा म्हणावा असा आवाज त्यांना माझाच. त्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, झाल्या तरी मी चढावर आलो की सगळ्या जाळीशी गोळा व्हायच्या, माना वाकड्या करून माझ्याकडे बघायच्या. पहिलं अंडं मिळालं तेव्हा ते एवढंसं होतं. मालकाच्या आईनं ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, "हा नमुना दाखवलाय वाटतं. माल मागून येईल." आणि खरंच, माल मागून आला. टोपली रोज भरायला लागली.

सगळं असं सुरळीत चालू असताना माणसाला काहीतरी खुपायला लागतं. माझ्या मालकाला तोफ्या खुपला.

तोफ्या हासुद्धा अंडीवालाच. खरं नाव लोक विसरले होते. त्याच्या गाडीच्या दणदणाटावरून त्याला तोफ्या म्हणायचे. मालक एका दुपारी घरी आला तो तोंड पाडून.

"तो गल्लीत शिरतो न शिरतो तोच बाया दारात," तो म्हणाला. "आणि आपण? हाका मारा, कड्या वाजवा. आपली गाडी आली काय, गेली काय, कुणाला पत्ता लागत नाही."

"मग चोराला वीक," त्याची आई म्हणाली. "त्याच्या फार कामाची."

"आई, थट्टा करू नकोस. धंद्याचं बोलतोय मी."

बायको अंडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तोफ्याची अंडी मोठी असतात का?"

"अंडी तीच. आवाज मोठा."

"मग लोक आवाज उकडून खातात का?"

दोघी हसल्या. तो हसला नाही. जो माणूस घरच्यांच्या हसण्यात सामील होत नाही, तो बाहेर जाऊन काहीतरी करून येतो, हे मी पाहून ठेवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन वेल्डरकडे गेला. वेल्डरनं मला पायानं जरा हलवून बघितलं.

"नवा भोंगा लावायचा, की याचंच पोट काढायचं?"

"यातलंच काढा. नवा कशाला?"

"बघ बाबा. आतलं एकदा निघालं की परत बसत नाही. आणि इंजिनाचं हवा-पेट्रोल नव्यानं जमवून घे, नाहीतर रेस सोडलीस की मागून बार उडतील."

"उडू द्या की," मालक खूश होऊन म्हणाला. "बार उडाले तर आणखी चांगलं."

"तुझी गाडी, तुझी हौस," वेल्डर म्हणाला, आणि त्यानं तोंडावर काच ओढली.

मित्रांनो, शेवटपर्यंत मला वाटत होतं, हा थांबवेल. एवढ्या संध्याकाळी यानं मला पुसलंय, चटका बसला तेव्हाही मला एक शिवी दिली नव्हती. मी जमिनीवर आडवा होतो. कटर फिरायला लागला तसा मी थरथरलो आणि निसटायला लागलो. वेल्डर म्हणाला, "अरे, धर याला." आणि मालकानं खिशातून ते रोजचं फडकं काढलं, हाताला चटका बसू नये म्हणून माझ्यावर टाकलं, आणि दोन्ही हातांनी मला दाबून धरलं. कटरनं कापलं याचं मला फारसं काही वाटत नाही. कटरची आणि माझी ओळख नव्हती.

शेवटची चकती कापून निघाली. मग आत सळई घालून ठोकाठोक झाली. पडदे वाकले, नळी तुटली, आणि माझी सगळी अक्कल काजळीसकट फरशीवर येऊन पडली. वेल्डरनं ती पायानं कोपऱ्यात सारली. चकती पुन्हा डागून बसवली, वरून रंगाचा हात मारला. बाहेरून बघाल तर मी तोच. फसवणुकीची गोम हीच असते, बाहेरून सगळं तेच दिसतं.

गाडी सुरू झाली. भडका आला, मी सवयीनं त्याला आत वळवायला गेलो, तर आत काही नव्हतंच. जसा आला तसा तो बाहेर गेला. भिंतीवरच्या पाली पळाल्या. मालकाचा चेहरा असा उजळला की जणू त्याला स्वतःलाच आवाज फुटला होता.

घराजवळ आलो तेव्हा बायको बाहेर येऊन उभी होती. तिला वाटलं होतं, तोफ्या आला. मालकाला पाहून तिनं आधी शेडकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "शेडपर्यंत आणलीत का?"

"नाही गं. इथं घरापाशीच थांबलो."

"मग ऐका. मी भांडत नाही. बाजारात हवा तेवढा गोंगाट करा. पण चढाखालच्या वळणावर इंजिन बंद करायचं, आणि तिथून गाडी ढकलत आणायची. शब्द द्या मला."

"दिला. अगदी शपथ."

शब्द त्यानं पाळला, हे नोंदवलं पाहिजे. पाय ताजे होते तोवर पाळला. घाम गाळत, धापा टाकत चढावरून गाडी ढकलायचा. मग कधी अर्ध्या चढावर येऊन इंजिन बंद व्हायचं, मग घराच्या कोपऱ्यावर. शब्द हा असाच झिजतो. एकदम तुटत नाही, रोज थोडा पुढं सरकतो.

आणि धंदा? पहिले काही दिवस बाया खरंच दारात आल्या. काय फुटलं ते बघायला. एकीनं कडेवरचं रडणारं मूल दाखवून सांगितलं, "अंडी नकोत, आधी हे बंद कर. आत्ता झोपवलं होतं." तोफ्याच्या आवाजाची लोकांना सवय झालेली होती, ती त्यानं वर्षानुवर्षं लावली होती. एवढं साधं मालकाच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, आवाज अजून कमी पडतोय.

मग ती दुपार आली. चौकात तोफ्या भेटला. म्हणाला, "माझ्याकडं अंडी कमी पडलीत. तुझ्याकडचे काही ट्रे बघतो." मालक हरखला, तोफ्या आपल्या दारी! तोफ्यानं आपली गाडी खालच्या वळणावर लावली आणि तो पायी चढ चढून आला. मालकानं गाडी ढकलत वर आणली.

"हे काय, ढकलतोस?" तोफ्या हसला. "पोट काढलंस म्हणून ऐकलं होतं. दम आहे की नुसता धूर?"

"दम? अरे, तुझी तोफ लाजेल."

"मग ऐकव की."

"इथं नको. बायको आत आहे, अंडी गोळा करतेय."

"असू दे की. एकदाच."

मालकानं गाडी शेडच्या जाळीशी उभी केली. नेहमीच्याच जागी. नेहमीचीच गाडी बघून कोंबड्या दाण्याच्या आशेनं जाळीकडे धावत आल्या. काही तर चोची तारेत घालून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या. आणि त्यानं किक मारली.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगतो. पहिल्या दणक्याला त्या जागच्या जागी उडाल्या. मग पलीकडच्या कोपऱ्याकडे लोट गेला. मालकानं रेस पिळली आणि झटकन सोडली, तसे वेल्डरनं सांगितलेले बार उडाले, एकामागून एक. आत भुशाचा आणि पिसांचा ढग उठला. त्यात ती उभी होती, टोपली हातातून गेलेली, आणि ओरडत होती, "बंद कराऽ! अहो, बंद करा!"

मला ऐकू येत होतं. मी त्या दोघांच्या मध्येच होतो. पूर्वी माझ्या आवाजाखालून तिची कुजबुजसुद्धा त्याला ऐकू जायची. चालत्या गाडीवर दोघं घरच्या गोष्टी बोलायची. आता तिची किंकाळी माझ्या पोकळीत बुडाली. त्याला जाळीतून तिचं उघडं तोंड दिसलं. तिला आवाज आवडला असं त्याला वाटलं की काय, कोण जाणे. त्यानं तिला हात हलवून दाखवला.

तोफ्याच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं. पण पुढं झाली ती मालकाची आई. घरातून आली, ओल्या हातानंच किल्ली फिरवली आणि उपसून काढली.

"कार्ट्या, आत बघ! आत बघ जरा!"

कोपऱ्यात ढीग होता. वरच्या कोंबड्या फडफडत होत्या, तळाच्या नव्हत्या. बायको गुडघ्यांवर बसून एकेकीला ओढून बाजूला काढत होती. ज्या हलत होत्या त्यांना मागं ढकलायची; ज्या हलत नव्हत्या त्यांना भुशावर ओळीनं निजवायची. ओळ लांब होत गेली. मालक दारात उभा होता. आत पाऊल टाकायचा त्याला धीर झाला नाही.

"मला काय माहीत, एवढं होईल!" तो म्हणाला. "त्या वेल्डरनं जरुरीपेक्षा जास्त काढलं. हा सायलेन्सरच हलकट निघाला." आणि त्यानं मला लाथ मारली.

"तुम्ही मला शब्द दिला होता," ती म्हणाली.

"अगं, एकदाच तर..."

"त्यांनाही जीव एकदाच होता."

नंतर उरलेल्या कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलं. एखादं मिळायचं ते मऊ कवचाचं. बोट लावलं की खळी पडे. पण तिनं हाय खाल्ली नाही. जाळीवर पोती टांगून उजेड कमी केला, सगळ्यांना दबक्या पावलानं चालायला लावलं. आणि दाणा टाकताना ती तोंडानं हळूच आवाज काढायची, 'भुक् भुक्, भुक् भुक्'. माझा आवाज! मी भिंतीला टेकलेल्या गाडीवरून तो ऐकायचो. जो आवाज माझ्या पोटातून उपसून टाकला होता, तो तिनं नेमका लक्षात ठेवला होता. पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग एक आली. मग आणखी काही. ती नवऱ्याला म्हणाली, "थोडे दिवस द्या. या पुन्हा घालतील. माझ्यावर सोडा."

तो हो म्हणाला. त्याचा हा दुसरा शब्द.

ती खाद्याच्या दुकानात गेली होती त्या दिवशी तोफ्या खोकी घेऊन आला. मालकानं सगळा सौदा परस्पर ठरवला होता. "दाणा खातात, अंडी देत नाहीत. ने बाबा," तो म्हणाला. त्याची आई आडवी आली, "अरे, तिला येऊ तरी दे!" पण त्याला ती यायच्या आतच उरकायचं होतं.

तोफ्या कोंबड्या हळुवार हातानं खोक्यात भरत होता. जाता जाता म्हणाला, "कोंबड्यांपाशी आवाज चालत नसतो रे. मी म्हणून गाडी नेहमी लांब लावतो."

"मग हे तेव्हाच सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठं? तू तर ऐकवायला निघाला होतास."

त्यानं मुद्दाम केलं, की गंमत म्हणून केलं, की पाहता पाहता त्याला संधी दिसली, ते मी सांगू शकत नाही. मी कधी कुणाच्या पोटात शिरलो नाही. लोकच माझ्या पोटात शिरले.

ती परत आली तेव्हा शेडचं दार उघडं होतं. आत गेली, बाहेर आली. नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. खाद्याचं पोतं तिथंच चढावर ठेवून ती घरात गेली.

कोंबड्यांच्या पैशातून मालकानं नवा सायलेन्सर आणला. शांत, पडद्यांचा, पोटात सगळ्या खोल्या असलेला. तो बसवताना मालक म्हणाला, "गाडी म्हणजे कशी मांजरासारखी पाहिजे." मला खोलून रिकाम्या शेडमध्ये फेकलं. इथं भुशावर मी पडलेला आहे. पाऊस आत येतो आणि मला पुसायला कुणी येत नाही.

काही आठवड्यांनी तोफ्याकडं त्याच कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या. ती म्हणाली होती तसंच झालं. आता माझा मालक ती अंडी तोफ्याकडून घेतो आणि दारोदार विकतो. हाका मारून.

मित्रांनो, माझ्यासारख्या भंगाराचं एक ऐका. तुमची खडखड, तुमचा ताप कुणीतरी गुपचूप पोटात घेतं, म्हणून तुम्ही चारचौघांत सभ्य दिसता. घरात असेल, शाळेत असेल, शेजारी असेल. त्याला अधूनमधून फडक्यानं पुसा. त्याला कापायला निघालात, तर निदान तेच फडकं हातात घेऊ नका. आणि कुणाला शब्द दिला असेल, तर तो चढ लागला म्हणून उतरवून ठेवू नका.

राहिला शेवटचा हिशेब. तोफ्याला कोंबड्या मिळाल्या. वेल्डरला मजुरी मिळाली. मालकाला नवा सायलेन्सर मिळाला, शिवाय चौकात सांगायला एक किस्सा. त्यात सगळा दोष माझा असतो, आणि ऐकणारे मान डोलावतात. आणि भरलं कुणी? तळाशी सापडल्या त्यांनी भरलं. थोडंफार मी भरलं. बाकीचं सगळं तिच्या नावावर निघालं. सकाळी मालक अजून उठलेला नसतो तेव्हा ती या शेडवरून खाली उतरते, शिलाईखान्यात जाते आणि खिडकीजवळची जागा गेली म्हणून इस्त्रीच्या वाफेशेजारी बसते. ती अजून भरते आहे.